हॉटेल कुणाचं सासर नसतं

शालिनी, आठ वर्षं तू माझं जेवण नासवलंस. हे मी तुला तोंडावर एकदाच बोलले, तेही भर हॉटेलात, माझ्याच वाढदिवसाला, आणि तेव्हा मला वाटलं होतं की माझंच बरोबर आहे. तू गेल्यावर पाचव्या दिवशी मला कळलं की तू ते का करत होतीस. म्हणून हे लिहायला बसलेय. तुझा तेरावा परवा झाला. आज सोमवार आहे, डबे गेलेत, ओटा धुऊन झालाय, कामाच्या बायका घरी गेल्यात, आणि मला कधी नव्हे ती फुरसत आहे.

चाळीतल्या बायका मला विचारतात, "कुंदाताई, विहिणीसाठी एवढं? मुलीची सासूच ना ती?" त्यांना काय सांगू? सासू म्हणजे काय ते मला माहीत होतं, मी एकीच्या हाताखाली वीस वर्षं काढली आहेत. तू त्यातली नव्हतीस. तू कशातलीच नव्हतीस, तोच तर सगळा घोळ होता.

लग्न ठरलं ती बैठक आठवते? तुझ्या दिंडोशीच्या घरी पोहे पुढे आले आणि मी बशीला हात लावला नाही. तू विचारलंस, "का हो, तिखट खात नाही?" मी म्हणाले, "तसं नाही, पण आता सोयरीक ठरतेय. आमच्यात मुलीच्या घरी जेवत नाहीत. नातवंड होईपर्यंत पाणीसुद्धा घेत नाहीत." माझ्या आईने पाळलं होतं, तिच्या आईने पाळलं होतं, मीही पाळणार होते. त्यात मोठा विचार बिचार काही नव्हता. तू चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता ही शिकलेली, सरकारी कचेरीतून रिटायर झालेली बाई मला चार गोष्टी सुनावणार. तू म्हणालीस, "मग आपण भेटायचं कुठे? बसस्टॉपवर?" आणि लगेच स्वतःच तोडगा काढलास. "हॉटेलात जेवू. हॉटेल कुणाचं सासर नसतं."

माझा नेम मोडला नाहीस, मला मागासलेली म्हणाली नाहीस. महिन्याचा पहिला रविवार, दुपारी एक वाजता, अंधेरीचं हायवेजवळचं ते छोटं मालवणी हॉटेल. मी घाटकोपरहून मेट्रोने, तुम्ही दिंडोशीहून बसने. मी, तू, माझी प्राजू, तुझा निनाद, आणि बोरिवलीहून येणारी तुझी नणंद बेबीआत्या. आपण दोघी विधवा, बेबीआत्या बिनलग्नाची, म्हणजे टेबलावर पुरुष एकच. बिचारा निनाद पाण्याचा जग भरून घेण्यापुरता.

आता माझ्या बाजूने बघ. मी पोळी-भाजी केंद्रवाली बाई. सोमवार ते शनिवार दुसऱ्यांसाठी लाटते, परतते, भरते. माझ्या हातचं मला जेवायला बसल्यावर नकोसं होतं. महिन्यातून एकदा कुणीतरी माझ्यापुढे ताट आणून ठेवायचं, गरम वडे, तळलेला बोंबील, सोलकढी, आणि मी बसायचं. आयतं! मला तिथे जायच्या आदल्या रात्रीपासून आनंद व्हायचा. मी हिरवी साडी इस्त्री करून ठेवायचे. आणि तू? ताट येऊन टेकलं की तुझं सुरू. "तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं हो?" शेजारच्या टेबलाला! ओळख ना देख. "मग तुमचा नगरसेवक काय करतो?" झालं. तिथून पुढे गाडी सुसाट. पूल, रस्ते, देवनारचा कचरा, कोण कालपर्यंत कुठल्या पक्षात होता आणि आज सकाळी उठून कुठे गेला, कुणी कुणाच्या गळ्यात हार घातला. अगं, माझा बोंबील काय त्यांच्या सभेला आला होता?

एकदा तर मुलुंडचे एक गृहस्थ तावातावाने उठून आपल्या टेबलाशी आले, हातात सोलकढीचा ग्लास घेऊन. तू त्यांच्या पुढाऱ्याला काहीतरी म्हणाली होतीस. ते हात हलवून बोलायला लागले आणि निम्मी सोलकढी माझ्या हिरव्या साडीवर. मी टिपत होते आणि तू त्यांना म्हणत होतीस, "बसा, बसा, उभ्याने भांडू नये, बीपी वाढतं." आणि तो माणूस खरंच बसला! वीस मिनिटं बसला. जाताना तुझ्या पाया पडून गेला. माझ्या साडीचं कुणाला काही नाही.

निवडणुकीच्या महिन्यात तर वाट लागायची सगळ्यांची. तू प्रत्येकाचं बोट तपासायचीस. वेटर ताट ठेवायला आला की, "डावा हात दाखव." शाई नसली तर त्याची खैर नाही. आणि आता कबूल करते, शालिनी. मागच्या खेपेला मी मत दिलंच नाही. त्या दिवशी एका बारशाची मोठी ऑर्डर होती, दोनशे पुरणपोळ्या, आणि मी म्हटलं मरू दे. मग रविवारी यायचं म्हणून घाबरले. साठीला आलेली बाई, पण तुझ्या धाकाने डाव्या बोटाला चिंधी बांधून आले. "तव्यावर भाजलं," म्हणाले. तू ती चिंधी बघितलीस, मग माझ्याकडे बघितलंस. मंगळवारी भर उन्हात मलमाची ट्यूब घेऊन घाटकोपरला हजर. मी तेव्हा उघड्या बोटांनी कणीक मळत होते. तू ट्यूब फ्रीजवर ठेवलीस, चहा प्यायलीस, आणि जाताना दारात म्हणालीस, "पुढच्या वेळी मतदान आधी, मग भाजून घ्या." मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

आपलं भांडण तसं एकच होतं, दर महिन्याला तेच. मी म्हणायचे, "सगळे सारखेच, आपल्याला काय करायचंय?" आणि तू उसळायचीस. "सगळे सारखे असं म्हणणाऱ्या बायकांमुळेच हे लोक माजलेत, कुंदाताई. तुमच्याकडे दोन भाजीवाले सारखे असतात का? एकाची गवार जून निघाली तर दुसऱ्याकडे जाता ना?" मी म्हणायचे, "गवार मी हातात घेऊन मोडून बघते, पुढाऱ्याला कुठे मोडून बघू?" त्यावर तू हसायचीस आणि परत पहिल्यापासून. ते भांडण तसंच राहिलं. अजूनही माझं पटलेलं नाही, हे लिहून ठेवते. मेलेल्या माणसाला सगळं पटलं म्हणायची रीत आहे, ती मी तुझ्याबाबतीत पाळणार नाही. तुलाही ते आवडलं नसतं.

पण मला खरं जे लिहायचंय ते दुसरंच आहे.

प्राजूच्या लग्नाला दोन वर्षं झाली आणि लोकांचं सुरू झालं. गोड बातमी कधी, डोहाळे कधी, बघा हं, वय वाढतंय. आमच्या चाळीत, लग्नाकार्यात, जिने चढता-उतरता. तिला पहिल्यांदा दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यात गेलं, ते मला माहीत होतं. मी तेव्हा तिला चार दिवस घरी आणलं होतं. त्यानंतर मला एकच धास्ती असायची. पोरीला कुणी काही बोलू नये. आणि कुणी बोललंच, विशेष करून सासरचं कुणी, तर मी काय करणार होते? मुलीची आई मी. मुलीच्या आईने ऐकून घ्यायचं असतं, हसून वेळ मारून न्यायची असते. माझ्या आईने माझ्यासाठी तेच केलं. मला दुसरं काही शिकवलंच नव्हतं कुणी.

आणि बेबीआत्या! आत्या मनाने वाईट नाही, ते मी आजही म्हणेन. तिला स्वतःला मूलबाळ नाही, भाच्याच्या घरी पाळणा हलावा ही एकच हौस. पण तोंडाला लगाम नाही. "काय गो प्राजू, बातमी कधी देतलंस?" हे तिचं ठरलेलं. कधी आंगणेवाडीचा नवस, कधी कुठला काढा, कधी कुणाच्या सुनेला सात वर्षांनी कसं झालं. मी दर खेपेला आत्याच्या तोंडाकडे बघत जेवायचे. म्हणजे मनात धाकधूक, आणि वरून तुझे पूल आणि रस्ते. मला वाटायचं, ही बाई जरा गप्प बसेल तर मी शांतपणे लेकीकडे लक्ष तरी देईन.

मग माझी साठी आली, आणि नेमकी पहिल्याच रविवारी. मी प्राजूला आधी सांगून ठेवलं होतं, "मला भेटबिट काही नको, एक जेवण गप्प बसून जेवू दे." शिंपल्या उघडून खायचं ते तिसऱ्यांचं सुकं मागवलं होतं माझ्यासाठी. पहिला घास तोंडाशी नेला, तेवढ्यात आत्याने खुर्ची प्राजूकडे सरकवली आणि तू मान वळवून शेजारच्या टेबलाला विचारलंस, "तुम्ही कुठले? अंधेरीचेच? मग त्या पुलाचं काम कुणाच्या मेव्हण्याला मिळालं, माहितेय ना?"

माझं डोकंच फिरलं. "पुरे हो!" मी ओरडले. "जेवू द्या मला! साठ वर्षांत एक जेवण तरी गप्प बसून जेवू द्या!"

अख्खं हॉटेल चिडीचूप. गल्ल्यावरचा माणूसही मान वर करून बघायला लागला. मी मुलाच्या आईवर ओरडले होते, चारचौघांत. आता हिने प्राजूला घरी जाऊन काय काय ऐकवलं तर? आणि त्या शांततेत बेबीआत्या बोलली. तिला कुजबुजता येत नाही, तुला माहीतच आहे. "प्राजू, तू त्या पार्ल्याच्या डॉक्टरकडे गेलेलंस ना? काय म्हणाला तो? दोष कोणात आहे?"

सगळ्या टेबलांनी ऐकलं. प्राजूचा हात ताटातच राहिला. ती "हात धुऊन येते" म्हणाली आणि उठली, अर्धं ताट तसंच टाकून. निनाद तिच्यामागे गेला. तू माझ्याकडे बघितलंस. त्यात राग नव्हता, पण तेव्हा मला तो रागच वाटला. मला वाटलं, तू म्हणतेयस, बघा, घातलात ना घोळ. आणि मग तू आत्याकडे वळलीस, "बेबी, तुझ्या गल्लीतल्या फुटपाथचं काय झालं गं? खोदून ठेवलाय तो ठेवलाय." मी मनात म्हटलं, काय कोडगी बाई आहे! एवढं झालं तरी हिचं राजकारण सुटत नाही. तिसऱ्या मी तशाच ताटात सोडल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तुझा फोन. मी स्क्रीनवर नाव बघून हात तीनदा पुसले. "कुंदाताई, घसा बसला का?" तू विचारलंस. मी माफी मागायला लागले तर मला तोडून म्हणालीस, "हे बघ कुंदा, काल तू माझ्यावर ओरडलीस ते फार बरं केलंस. आता आपलं अगंतुगं. ज्या बाईवर ओरडलो तिला अहोजाहो करायचं नसतं." मी म्हटलं, "जमणार नाही हो मला." तू म्हणालीस, "जमव. आणि पुढच्या महिन्यात ये, तोंड पाडून बसू नको घरी." एवढंच. बाकी काही सांगितलं नाहीस. तेव्हा सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं गं? मला अगंतुगं जमायला दोन महिने लागले, आणि जमलं तसं तुझ्याकडे उरलं होतं जेमतेम एक वर्ष. ते आपल्या दोघींनाही ठाऊक नव्हतं.

तुझ्या आजारपणाचं मी लिहीत नाही. ते सगळ्यांनी बघितलंय.

तू गेलीस त्याच्या पाचव्या दिवशी मी तुझ्या घरी जेवण घेऊन आले होते. सुतकाच्या घरात दुसऱ्यांनी आणायचं असतं, आणि मला दुसरं येतं काय? माणसं जेवून गेली. मी आणि प्राजू तुझ्या स्वयंपाकघरात भांडी आवरत होतो. मी सहज बोलून गेले, "काही म्हण प्राजू, बाई सोन्यासारखी होती, पण हॉटेलात कधी सुखाने जेवू दिलं नाही तिने."

प्राजू हातातलं पातेलं तसंच धरून माझ्याकडे बघत राहिली. "आई, तुला खरंच कळलं नव्हतं?"

"काय?"

"अगं, आत्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं की मम्मी सुरू व्हायच्या. वर ते पूल आणि रस्ते, आणि टेबलाखाली त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर. मला आधी वाटलं त्यांना सवयच आहे. मग एकदा घरी येऊन चप्पल काढता काढता त्यांनी विचारलं, 'आज वेळेवर सुरू केलं ना गं मी?'"

मी खाली स्टुलावर बसले. मग तिने बाकीचं सांगितलं. आत्याला ओरडून गप्प बसवलं तर ती दुखावते, रडते, मग चार नातेवाइकांना फोन करते आणि तोच विषय बोरिवलीपासून मालवणपर्यंत होतो, हे तुला पक्कं माहीत होतं. पण राजकारण निघालं की आत्या सगळं विसरते, तिलाही त्याचा तेवढाच चस्का. म्हणून मग पूल. म्हणून देवनारचा कचरा. आणि माझ्या साठीला मी ओरडून तुलाच गप्प केलं. बरोबर त्या क्षणी. प्राजू तसं म्हणाली नाही, पण मला कळलं.

आणि दुसरंही कळलं. पोरीला दुसऱ्यांदाही राहिलं होतं, आणि दुसऱ्यांदाही गेलं. मला माहीतच नव्हतं. मला, तिच्या आईला! तुला माहीत होतं. तू तिच्या उशाशी बसून होतीस, सगळ्यांना "तिला टायफॉइड झालाय" म्हणून सांगत. त्यानंतर दोघांनी ठरवलं की आता पुरे, आहोत तसे छान आहोत, आणि तू म्हणालीस, "झकास. माझी काही तक्रार नाही." प्राजू म्हणाली, "आई, तुला सांगितलं असतं तर तू पोळ्या लाटता लाटता रडत राहिली असतीस. आणि मम्मी म्हणाल्या, तिला एवढ्यात सांगू नको. ती मुलीची आई आहे, उपकाराच्या ओझ्याखाली वाकून बसेल आणि माझ्याशी भांडायचीसुद्धा नाही."

मला राग आला का? आला, शालिनी. खोटं का बोलू? माझ्या लेकीचं सगळ्यात मोठं दुःख तुला ठाऊक आणि मला नाही. मी त्या स्टुलावर बसून तुझ्यावर चरफडले. मग तुझ्या ओट्याकडे बघितलं. तुझा चष्मा अजून मिसळणाच्या डब्यावर होता. म्हटलं, माझ्या पोरीला दुसरी आई होती, आणि मी तिला आठ वर्षं बडबडी म्हणत होते. रडायला आलं ते आलंच. प्राजू मला धरून उभी राहिली आणि आम्ही दोघी तुझ्या स्वयंपाकघरात गळा काढून रडलो. बाहेरच्या लोकांना वाटलं असेल, विहीण विहिणीसाठी रडते, काय माया आहे!

आता सगळंच राजकारण प्राजूसाठी होतं, असं काही मी म्हणणार नाही. तुझी मला पुरती ओळख आहे. मे महिन्यात आत्या गावी गेलेली असायची तेव्हाही तू वेटरला धरून बसायचीसच. मुलुंडचे ते सोलकढीवाले आले होते, त्या दिवशी आत्याला ताप होता, ती आलीच नव्हती. म्हणजे माझी साडी तू निव्वळ हौसेखातर घालवलीस. ते मी माफ केलेलं नाही.

त्या दिवशी रडून झाल्यावर प्राजूने एका ताटलीत पिठलं-भात वाढला. मीच करून आणलेलं पिठलं, पण भात तुझ्या घरचा, तुझ्या कुकरमधला. "जेव आई, सकाळपासून काही खाल्लं नाहीस," म्हणाली. मग तिलाच आठवलं आणि ताटली मागे घ्यायला लागली. मी हात धरला तिचा. तिथेच स्टुलावर बसून जेवले. पाणीही प्यायले. नातवंड झालं नाही आणि होणारही नाही, हे आता मला माहीत होतं, आणि माझ्या आईला काय वाटलं असतं याचा विचारही मनात आला नाही. फक्त तू समोर हवी होतीस. पहिल्याच दिवशी तुझे पोहे खाल्ले असते तर काय बिघडलं असतं, एवढंच सारखं वाटत राहिलं.

काल चौदावा दिवस, आणि रविवार. निनाद म्हणाला, मासे सुरू करायचेत तर आई न्यायची तिथेच जाऊ. मग आम्ही चौघं गेलो. बाईंचं काय झालं म्हणून वेटरने विचारलं, निनादने सांगितलं, तर तो आत जाऊन दोन मिनिटं बाहेरच आला नाही. मग ताटं आली. हॉटेलात गर्दी होती, पण आपल्या टेबलावर कुणी बोलत नव्हतं. मला हवं होतं तसंच. खरं सांगू? बोंबील फर्स्टक्लास होता. मी दोन तुकडे अगदी चवीने खाल्ले, आणि तुला वाईट वाटणार नाही हे मला माहीत आहे.

मग आत्याने पदराने डोळे पुसले. ती खरंच रडत होती, तुझ्यावर जीव होता तिचा. "वहिनी गेली," ती म्हणाली, "पण नातवाचं तोंड काही बघायला मिळालं नाही तिला. ती आस मनातच राहिली." आणि तिने खुर्ची सरकवली. प्राजूकडे. "आता तरी मनावर घ्या गो. तिच्या आत्म्यासाठी तरी."

प्राजूने घास खाली ठेवला. निनादने पाण्याचा जग उचलला, तो भरलेलाच होता. मी तुझ्या खुर्चीकडे बघितलं. तिथे आमच्या पर्स ठेवल्या होत्या. मुलीची आई मी. हसून वेळ मारून न्यायची, एवढंच मला येतं.

"बेबीताई," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला, "तुमच्या वॉर्डातल्या नगरसेवकाने पक्ष बदलला म्हणे?"

आत्याचे डोळे वाटीएवढे झाले. "कोणी सांगितलं?"

कुणी सांगणार? तिचा वॉर्ड कुठला, नगरसेवक बाई की बुवा, मला ओ की ठो माहीत नव्हतं. मी आपलं ठोकून दिलं होतं. "सगळीकडे तेच चाललंय," मी म्हटलं. "आमच्या केंद्रावर डबा न्यायला येतात ना, ते बोलत होते."

"छे! शक्यच नाही! तो जाणार नाही गो, त्याचा बाप पण त्याच पक्षात होता," आत्या म्हणाली, आणि खुर्ची वळवून माझ्याकडे तोंड करून बसली. "पण थांब हां, परवा त्याचा बॅनर काढलेला दिसला मला..."

"बघा!" मी म्हटलं. "आणि तुमच्या तिकडे फुटपाथ का अर्धवट राहिलाय मग?"

पलीकडच्या टेबलावरचे एक काका मान वळवून म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे अंधेरीतही तेच आहे हो." मी म्हटलं, "सांगा ना, सांगा. पाणी किती वाजता येतं तुमच्याकडे?"

त्यांनी सांगितलं. आत्याने बोरिवलीचं सांगितलं. मला पुढचा प्रश्न सुचेना, तर मी पुलावर गेले, पूल संपला तशी कचऱ्यावर. अर्ध्याहून जास्त मी चुकीचं बोलले असणार, कारण निनाद तोंडावर रुमाल धरून बसला होता. मध्येच आत्या म्हणाली, "कुंदाताई, तुमची तर वहिनीच झाली की हो!" मी नुसती मान हलवली, थांबले नाही.

माझा डावा हात टेबलाखाली प्राजूच्या गुडघ्यावर होता. तिने वडा मोडला, रश्श्यात बुडवला, खाल्ला. मग दुसरा घेतला. तिचं ताट रिकामं होईपर्यंत मी गप्प बसले नाही.